कुंग फूमधली आतली ताकद: 'ची दानत्येनमध्ये उतरवा' म्हणजे नक्की काय करायचं?

उभाठाकला

कुंग फू शिकवताना दोन प्रकारच्या सूचना एका दमात दिल्या जातात. "खांदे सोडा, कोपर खाली" ही एक आणि "ची दानत्येनमध्ये उतरवा" ही दुसरी (ची म्हणजे शरीरातली जीवनऊर्जा, दानत्येन म्हणजे ओटीपोटातलं तिचं केंद्र). पहिली करून बघता येते. दुसरी ऐकून मान डोलवायची, पण शरीराने नक्की काय करायचं ते उमगत नाही.

झान झुआंग म्हणजे निश्चल उभं राहण्याचा सराव. त्यात उभं राहिलं की तळहात गरम होतात, बोटांना मुंग्या येतात, मांड्या थरथरतात. यातलं ची कुठलं आणि थकवा कुठला? दहाएक मिनिटांनी खांदे आणि कंबर इतकी भरून येते की लक्ष दुसरीकडे जातच नाही. हे सोसत राहायचं का? उलटा श्वास (घेताना पोट आत, सोडताना बाहेर) कधी सुरू करावा? या सगळ्यातलं ठोशात काही उतरतं का, आणि उतरत असेल तर ते तपासायचं कसं? यिन-यांग, पाच तत्त्वं, दाओवादी तत्त्वज्ञ लाओत्से हे सरावात प्रत्यक्ष कामाला येतं, की नुसतं वाचून ठेवायचं?

शक्यतो नेमकं सांगा. किती वेळ, शरीराचा कुठला भाग, कुठे काय चुकतं.

मधलीरेघ

आधी उभं राहण्याकडे बघू, तुमच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, एकमेकांना समांतर. गुडघे ताठ नकोत, जेमतेम सैल. खोल बसायचं नाही, ही घोड्याची बैठक नव्हे. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. गुडघे आत पडले की पंधरा मिनिटांत आतल्या बाजूला दुखायला लागतं, आणि ते दुखणं सोसण्यातलं नाही. वजन चवड्यावर नको, टाचेवरही नको. घोट्याच्या किंचित पुढे, तळव्याच्या मध्यावर हवं. पायाची बोटं जमीन पकडायला लागली तर समजा वजन पुढे गेलंय.

कंबर भरून येते त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. "शेपटीचं हाड खाली" असं ऐकून लोक नितंब आवळतात आणि ओटीपोट पुढे ढकलतात. नितंब आवळले की खुब्याचा सांधा जखडतो. उभं असताना शरीर सतत थोडं डुलत असतं, ते डुलणं खुबा घेईनासा झाला की सगळा भार कमरेच्या मणक्यांवर येतो. उपाय साधा आहे: मागे उंच स्टूल आहे आणि त्यावर टेकणारच आहोत अशा बेताने खुबा दुमडायचा आणि नितंब सैल सोडायचे. कंबरेची खोल कमान आपोआप थोडी भरते, पूर्ण सपाट होत नाही, आणि तशी करायचीही नाही.

खांद्यांचं असं. मिठी मारल्यासारखे हात छातीच्या उंचीवर धरले की मानेपासून खांद्यापर्यंतचा वरचा स्नायू हात उचलून धरायच्या कामाला लागतो. कोपर मनगटापेक्षा खाली, खांद्यापेक्षाही खाली, आणि काखेत मूठ मावेल एवढी मोकळीक. तरीही खांदे वर सरकत असतील तर सगळी मुद्रा मोडू नका. फक्त हात बेंबीच्या उंचीवर आणा, मिनिटभर थांबा, पुन्हा वर न्या. नव्या माणसाने पहिले काही आठवडे बेंबीच्याच उंचीवर उभं राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. छातीच्या उंचीची घाई करून खांदे वर चढवायची सवय लागली की ती ठोशातही येते, आणि ती काढायला फार वेळ लागतो.

आता संवेदना. तळहात गरम होणं म्हणजे ताण सैल झाल्यावर तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावणं. खूण चांगली आहे, पण ती वाट बरोबर असल्याची खूण आहे, कमाई नव्हे. मुंग्या कुठल्या बोटांत येतात ते बघा. करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होत असेल तर कोपर जास्त वाकलाय आणि तिथली नस दबतेय. कोपर थोडा उघडा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मनगट वाकलंय. उबेबरोबर सगळ्या हातात हलकी झिणझिण असेल तर काही करायचं नाही. मांड्यांची बारीक थरथर म्हणजे थकत चाललेले स्नायू, ती चालू द्यावी. सगळं अंग हादरायला लागलं आणि ते मजेचं वाटायला लागलं, तर मात्र थांबा. त्याला ची समजून खतपाणी घालणारे पुढे स्थिर उभे राहूच शकत नाहीत.

वेळ: पाच मिनिटांपासून सुरुवात, दर आठवड्याला एक मिनिट वाढवत वीसपर्यंत. चक्कर, मळमळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच हात खाली आणि चालायला लागा. गुडघे ताठ ठेवून निश्चल उभं राहिलं की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत नाहीत, ते पायांत साचतं आणि माणूस कोसळू शकतो. शेवटी हात ओटीपोटावर ठेवून काही श्वास, मग दोन-तीन मिनिटं चालणं. हे वगळू नका.

उभं राहणं पूर्वीपासून होतंच, पण त्याला सगळ्या सरावाचा कणा केला तो वांग शियांगझाय (1885–1963) यांनी. ते शिंग-यी या कुंग फू शैलीचे, गुओ युनशेन यांच्याकडे शिकलेले. पुढे त्यांनी ठरावीक हालचालींचे संच जवळजवळ बाजूला काढले आणि उभं राहण्याभोवती यी-च्वान ही शैली उभी केली. त्या पद्धतीत 'यी', म्हणजे हेतू, सगळ्यात पुढे. हात न हलवता "झाड पुढे ढकलायचंय, मागे ओढायचंय" असा नुसता हेतू धरायचा. तसं केल्यावर तळव्याखालचा दाब किंचित सरकतो. तो सरकणं जाणवायला लागलं की तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं.

स्थिरपाऊल

ठोशात उतरतं का, हे तपासता येतं आणि तपासायलाच हवं. ताकदीचे दोन प्रकार सांगतात: 'ली' म्हणजे स्नायूची सुटी ताकद आणि 'जिन' म्हणजे सगळ्या अंगातून जुळून आलेली. ताई चीत जिनचा मार्ग सांगितलेला आहे. मूळ पायात, तिथून मांडी, ताबा कमरेचा, आणि बाहेर पडायची जागा बोटं. यात कुठेही खांदा ताकद निर्माण करत नाही. खांद्याने फक्त अडवायचं नाही.

पहिली चाचणी. झान झुआंगमध्ये उभे राहा. जोडीदाराने तुमच्या कोपरापुढच्या हातावर तळहात ठेवून हळूहळू दाब वाढवायचा, एखाद्या जड पिशवीइतका, दिशा तुमच्या मणक्याकडे. तुम्ही ढकलायचं नाही. दाब कुठे साठतो ते बघा. खांद्यात, कमरेत की तळव्यात? तळव्यापर्यंत पोचला तर रचना बरोबर आहे. मग जोडीदाराने न सांगता हात काढून घ्यायचा. तुम्ही पुढे गेलात तर तुम्ही त्याच्यावर रेलून उभे होता, ती रचना नव्हती. ही चाचणी निर्दय आहे, म्हणूनच उपयोगी.

दुसरी. ठोसा अगदी सावकाश बाहेर काढा आणि दुसरा हात त्या दंडाच्या पुढच्या स्नायूवर ठेवा. तो कडक झाला तर तुम्ही एका हाताने ठोसा मारताय आणि त्याच हाताने तो मागे ओढताय. 'सुंग', म्हणजे सैलपणा, त्याचा ठोशातला अर्थ हाच. विरुद्ध बाजूचा स्नायू गप्प असणं. ढेपाळणं नव्हे.

तिसरी गोष्ट फारसं कुणी समजावून सांगत नाही, म्हणून आकड्यांत मांडतो. आडव्या रेट्याला मर्यादा असते ती तळव्याखालच्या घर्षणाची. तुम्ही 60 किलोचे, समोरचाही 60 किलोचा, घर्षणांक 0.5 धरा. दोघांचीही मर्यादा 30 किलो वजनाइतका रेटा. आता तुम्ही त्याच्या कोपराखालून किंवा छातीखालून थोडं वरच्या दिशेने रेटलंत, 10 किलोइतकं वर. तुमच्या पायांखालचा दाब 70 होतो, मर्यादा 35. त्याचा दाब 50 होतो, मर्यादा 25. तो आधी सरकणार. वरून खाली रेटलंत तर हाच हिशेब उलटा होतो, तुमची मर्यादा 25 आणि त्याची 35. 'पंग' जिन म्हणजे हात खालून भरलेला, फुगलेला ठेवणं, त्याचा एवढा आग्रह का आणि "मूळ उपटा" म्हणजे काय, ते यातून कळेल. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून हीच चाचणी करून बघा. रेटा एकदम घटतो. अंगात वेगळी कुठली ऊर्जा भरून ठेवलेली असती तर तिला फरशीचं सोयरसुतक नसतं.

बहुतेक जणांच्या ठोशात दोन जागी गळती असते. एक, टाच उचलली जाते आणि गुडघा आत वळतो, म्हणजे जमिनीचा रेटा गुडघ्यातच खर्च होतो. दोन, कंबर फिरवायची म्हणून खुबा स्थिर ठेवून नुसता छातीचा पिंजरा फिरवतात. फिरणं खुब्याच्या खोबणीत व्हायला हवं. मांडी आणि ओटीपोट यांच्या घडीत बोटं ठेवून बघा. एका बाजूची घडी खोल होते, दुसरी उघडते. तसं होत नसेल तर जिन कमरेपर्यंत आलेलंच नाही.

वर्तुळचाल

तत्त्वज्ञानाच्या प्रश्नावर लिहितो. ते सरावात येतं आणि पुष्कळ येतं, फक्त विश्वाची उपपत्ती म्हणून वाचलं तर हाताला काही लागत नाही.

चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसने (इसवी सनपूर्व चौथं शतक) म्हटलंय की इच्छा ही चीची सेनापती आहे आणि ची शरीर भरून असते. म्हणजे क्रम ठरलेला आहे: मन आधी, ची नंतर. शिंग-यीच्या सहा जुळण्या याच धर्तीच्या आहेत. आतल्या तीन: मन हेतूशी, हेतू चीशी, ची ताकदीशी. बाहेरच्या तीन: खांदा खुब्याशी, कोपर गुडघ्याशी, हात पावलाशी. बाहेरच्या तीन आरशात दिसतात. त्या जमल्याशिवाय आतल्या तिन्हींबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

त्याच ठिकाणी मेन्शियस सोंग राज्यातल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. रोपं लवकर वाढावीत म्हणून तो ती वर ओढून ठेवतो आणि सगळी वाळतात. त्यातून निघालेली सूचना सगळ्या ध्यानप्रकारांत वापरतात: लक्ष सोडायचं नाही आणि ओढून वाढवायचंही नाही. तुमच्या "ची उतरवा" या प्रश्नाचं उत्तर याहून नेमकं मला देता येणार नाही. ओटीपोटाकडे लक्ष ठेवायचं, पण तिथे ऊब आणायचा किंवा काही फिरवायचा प्रयत्न करायचा नाही. दानत्येन बेंबीच्या तीन-चार बोटं खाली आणि आत खोल मानतात. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्यही साधारण त्याच पातळीला, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीसमोर असतो. लक्ष तिथे गेलं की खांदे सैल होतात, श्वास खाली जातो आणि तोल सुधारतो. सूचना एकच, परिणाम तिन्ही.

च्वांगत्सू या दाओवादी ग्रंथात खरा माणूस टाचांनी श्वास घेतो असं आहे. लाओत्सेच्या दहाव्या प्रकरणात ची एकवटून तान्ह्या मुलासारखं मऊ होता येईल का, असा प्रश्न आहे. लहान बाळ झोपलेलं बघा. पोट, बरगड्या, पाठ सगळं एकत्र हलतं. मऊपणाचा अर्थ तिथे डोळ्यांना दिसतो.

पाच तत्त्वांचं शिंग-यीत थेट यंत्र होतं. पी (धातू), झुआन (पाणी), बंग (लाकूड), पाव (आग), हंग (माती) असे पाच ठोसे. धातू लाकडाला कापतो, म्हणजे सरळ येणाऱ्या बंगवर वरून पडणारा पी. आग धातूला वितळवते, म्हणजे वरून येणाऱ्या पीखाली एक हात उचलत दुसऱ्याने मारायचा पाव. लाकूड मातीला, माती पाण्याला, पाणी आगीला. दोघांनी मिळून करायच्या संचात हे चक्र सलग खेळलं जातं. पण एक ध्यानात ठेवा: हे कोनांचं आणि दिशांचं पाठांतर सोपं करणारं चक्र आहे, निसर्गनियम नव्हे. उशिरा मारलेला पी कुठल्याही बंगला हरवत नाही.

यिन-यांग माझ्या मते सगळ्यात जास्त कामाचं. बाग्वा या शैलीत वर्तुळात चालताना एक पाय पूर्ण भरलेला, एक पूर्ण रिकामा. आठ पावलांचं वर्तुळ घ्या, पाऊल जमिनीलगत सपाट सरकवा. पाऊल टेकताना त्यात वजन पडलेलं नसावं. कुठल्याही क्षणी "थांब" म्हटलं की पुढचा पाय उचलून घेता यायला हवा. दोन्ही पायांवर अर्धंअर्धं वजन अडकलं की त्याला 'दुहेरी भार' म्हणतात आणि तिथेच माणूस ढकलला जातो.

परंपरेबद्दल थोडं, कारण यात घोळ फार आहे. 'आतली' आणि 'बाहेरची' कला हा भेद पहिल्यांदा लेखी दिसतो तो विद्वान ह्वांग झोंगशीने 1669 मध्ये वांग झंगनान या मुष्टियोद्ध्यासाठी लिहिलेल्या समाधिलेखात. मांचूंची सत्ता बीजिंगमध्ये 1644 ला आली होती आणि ह्वांग मिंग घराण्याचा निष्ठावंत होता. त्यामुळे देशी ते आतलं आणि परकं ते बाहेरचं, असा राजकीय वासही काही इतिहासकारांना त्यात येतो. स्नायू बदलण्याचं शास्त्र, म्हणजे यीजिन-जिंग, बौद्ध भिक्षू बोधिधर्माच्या नावावर खपतं, पण ते बहुधा 1624 च्या आसपास लिहिलं गेलं, त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी. ची जोपासण्याच्या श्वास-हालचालींच्या सरावाला आज 'चीगुंग' म्हणतात, ते नाव रुळलं 1950 च्या दशकात. सुन लुतांग (1860–1933) यांनी 1915 मध्ये शिंग-यीवर पुस्तक छापलं आणि मार्शल आर्ट व दाओवादी साधना एका धाग्यात ओवली. आज वर्गात ऐकू येणारी बरीचशी भाषा त्या काळातली आहे. त्याने तिचं मोल कमी होत नाही, पण "पंधराशे वर्षांचं रहस्य" ऐकलं की सावध व्हावं.

दक्षिणमूठ

श्वासाबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि नुकसान सगळ्यात जास्त तिथेच होतं.

पहिला टप्पा नुसता नाकाने, न मोजता. दुसरा पोटाचा: घेताना ओटीपोट पुढे येतं, सोडताना आत जातं. अंगठे मागे आणि बोटं पुढे अशी कंबर पकडा. श्वास घेताना पुढे, बाजूंना आणि अंगठ्यांखालीही थोडा दाब आला पाहिजे. नुसतं पोट पुढे फुगत असेल तर अर्धंच काम झालंय. हे हालचाल करतानाही, गप्पा मारतानाही टिकत असेल तर तिसऱ्या टप्प्याचा विचार करा. तीन-चार महिन्यांच्या आत तसं क्वचितच होतं.

तिसरा टप्पा उलटा श्वास. घेताना ओटीपोट हलकं आत, कंबर आणि बाजू भरतात. सोडताना ओटीपोट बाहेर. ठोशाच्या क्षणी छोटा 'हं' किंवा 'हा' बाहेर पडतो, त्या वेळी पोटातला दाब क्षणभर वाढून धड एकसंध होतं आणि पायाकडून आलेला रेटा मधे गळत नाही. एका वेळी दहा-बारा श्वास पुरे. पोट जोराने आत ओढलं की छाती-पोटामधला श्वासाचा पडदा वर अडकतो, छाती आवळते, खांदे वर येतात आणि डोक्यात दाब जाणवतो. तो दाब ही थांबायची खूण आहे. डोळे उघडे ठेवा, लक्ष तळव्यांकडे न्या, चाला.

मधे कुंभक मिसळू नका. उभ्या स्थितीत अंग ताणून श्वास रोखला की रक्तदाब झपाट्याने वर जातो आणि सोडताना तितकाच खाली येतो. हंग-गार या दक्षिणी शैलीतला लोहतारेचा संच, तित-सिन-च्युन, ताण आणि आवाज यांवर उभा आहे. तिथेही श्वास गळ्याशी अडकवायचा नसतो, आवाज काढायचा तो त्यासाठीच. उच्च रक्तदाब, हर्निया, काचबिंदू, गरोदरपण यांत तो संच आणि उलटा श्वास दोन्ही टाळा.

आणखी एक. दिवसाला तासन्‌तास ध्यान, झोप कमी, डोक्यात ची फिरवायचा हट्ट, यातून भ्रम, आवाज ऐकू येणं, भीती असं होऊ शकतं. चिनी परंपरेत याला जुनं नाव आहे, झोउ-हुओ-रू-मो. 1994 च्या अमेरिकन मानसोपचार वर्गीकरणातही चीगुंगमुळे होणाऱ्या अशा अवस्थेची नोंद होती. असं काही दिसलं तर सराव बंद करून मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. "ची अडकली" म्हणून आणखी ध्यान करायचं नाही. ज्यांना आधी मानसिक आजार होऊन गेलाय त्यांनी लांब बसून करायचं ध्यान डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

मधलीरेघ यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. लढण्यासाठी सराव करणाऱ्याने दोन्ही पाय समांतर ठेवून वीस मिनिटं उभं राहण्यापेक्षा समांतर दहा आणि मग सान-ती, म्हणजे एक पाय पुढे आणि वजन मागच्यावर जास्त, डावीउजवीकडे पाच-पाच, असं करावं. लढताना कुणी समांतर उभं नसतं.

उभाठाकला

करंगळी आणि अनामिकेतल्या मुंग्यांचं तंतोतंत जुळलं, कोपर जास्तच वाकत होता. घर्षणाच्या हिशेबामुळे 'मूळ उपटणं' पहिल्यांदा नीट कळलं. एक उरलं: उभं राहणं, तुई-शोउ (जोडीदाराशी हात टेकवून ढकलण्याचा सराव) आणि संच एवढं पक्कं असेल तर लढताना ते आपोआप येतं का?

स्थिरपाऊल

नाही. 1954 मध्ये मकाऊला वू शैलीच्या ताई चीचे वू गुंग-यी आणि पांढऱ्या बगळ्याच्या शैलीचे चान हाक-फू यांची जाहीर लढत झाली होती, तिचं चित्रण आहे. दोघेही जाणते, आणि तरीही निम्म्याहून जास्त वेळ हात भलतीकडेच जातात. 2017 च्या एप्रिलमध्ये छंगदूत ताई चीचा एक शिक्षक मिश्र मार्शल आर्टच्या लढवय्यापुढे वीस सेकंदही टिकला नाही. दोन्हीकडे उणीव पडते ती अंतर आणि वेळ यांची. ती फक्त न ऐकणाऱ्या जोडीदाराबरोबर भरून निघते.

म्हणून असं करा. तुई-शोउमध्ये आधी ठरलेलं चक्र, मग पावलं जागेवर ठेवून मोकळं, मग पावलं हलवून. त्यानंतर जोडीदाराने जाड पॅड छातीशी घट्ट धरायचं आणि तुम्ही एका मुठीच्या अंतरावरून मारायचं. तो मागे ढकलला जाऊन पावलं टाकत असेल तर तो धक्का आहे, जिन नव्हे. दाब पॅडमधून आत जाऊन तो जागेवरच वाकत असेल तर फा-जिन, म्हणजे जिन एकदम बाहेर सोडणं, जमायला लागलंय. मूठ लागण्याच्या क्षणीच आवळायची, मनगट सरळ, आणि लगेच सोडायची. आठवड्यातून दोनदा, दोन्ही हातांनी वीस-वीस ठोसे पुरेत. थकल्यावर खांदा कामाला लागतो आणि तोच अंगवळणी पडतो. मग त्याच जोडीदाराने पॅड घेऊन हलायला सुरुवात करायची, आणि तुमचा ठोसा चुकला की पॅडनेच हलकं उलट मारायचं. डोक्याला संरक्षण आणि दातांना गार्ड घालून.

दक्षिणमूठ

ज्या दिवशी पॅडवर काम असेल त्या दिवशी उभं राहणं आधी ठेवा, नंतर नको. आणि उलटा श्वास त्या दिवशी पूर्ण वगळा. ठोशाबरोबर सुटणारा 'हं' तेवढा येऊ द्या, त्याकडे लक्षही देऊ नका.